तारेची यंत्रे आणि बिनतारी संकुल
एका लेबल प्रिंटरने शिकविलेला धडा

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या दवाखान्यांचे आणि औषधशाळांचे रूप पुष्कळ पालटले. केसपेपरच्या गठ्ठ्याच्या जागी संगणक आला, हस्तलिखित पावतीच्या जागी छापील देयक आले, बरणीवरील कागदी चिठ्ठीच्या जागी छापील लेबल आले. या काळात घेतलेली बहुतेक यंत्रे तारेने जोडण्यासाठीच बनविलेली होती. त्यांच्या पाठीमागे टेलिफोनच्या खाचेपेक्षा थोडी रुंद, आठ पिनांची खाच असते. तीत लॅन केबल बसविली की काम सुरू होते. बिनतारी लहरी घेण्याची सोय या यंत्रांत नसते.

दरम्यान रुग्णालये, महाविद्यालये आणि शैक्षणिक संकुले बिनतारी जाळ्याकडे वळली. नव्या इमारतीत प्रत्येक खोलीत तारेची खाच असेलच असे नाही. छताला एक पांढरी चकती लावलेली असते आणि ‘येथे वायफाय आहे’ एवढेच सांगितले जाते. अशा ठिकाणी ज्यांचा बाह्यरुग्ण विभाग किंवा औषध वितरण कक्ष आहे, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो : यंत्र उत्तम चालते आहे, पण त्याला फक्त तार समजते, मग ते टाकून नवे घ्यावे काय? माझ्या अनुभवाने याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे आहे. मात्र उपचारापूर्वी निदान केले नाही तर काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. तो अनुभव व्यवसायबंधूंपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

नऊ दिवसांच्या हस्तलिखित पुड्या

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड यांच्या दरम्यान आमचे स्थानक लागते. येथे बाजारात तुरीचा भाव मराठीत विचारावा आणि उत्तर कन्नडमध्ये मिळावे, हा नित्याचा व्यवहार. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मराठी समजते पण वाचता येते ती कन्नडच, अशांची संख्या मोठी आहे. म्हणून मी काही वर्षांपूर्वी एक लहान थर्मल लेबल प्रिंटर घेतला. पुडीवर औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि अनुपान मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत छापून देण्याची पद्धत ठेवली. प्रिंटर फक्त तारेचा होता. स्वस्त होता आणि कधी बिघडला नाही.

या परिसरातील एका शैक्षणिक संकुलात आठवड्यातून तीन दिवस माझा बाह्यरुग्ण विभाग चालतो. मध्यंतरी तो जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलविला गेला. नव्या खोल्यांत तारेची खाच नव्हती, वायफाय होते. मी सोलापूरहून एक छोटा राउटर आणला. ‘बिनतारी जाळे पकडून तारेच्या यंत्राला देतो’ एवढेच दुकानदाराने सांगितले होते आणि मीही तेवढ्यावर समाधान मानले. प्रिंटर त्याला जोडला. राउटरवर हिरवा दिवा लागला. माझा लॅपटॉप त्याच वायफायवर होता. मी छपाईची आज्ञा दिली. प्रिंटर हलला नाही. पुन्हा दिली, तेच. दोन दिवस मी केबल बदलल्या, प्रिंटर बंद-चालू केला, शेवटी प्रिंटरच बिघडला असे ठरविले.

त्या काळात पुड्यांवर हाताने लिहावे लागले. माझा सहायक मराठी सुवाच्य लिहितो, कन्नड त्याला लिहिता येत नाही. नवव्या दिवशी एक वृद्ध अज्जी नातवाला घेऊन परत आल्या. त्यांना कासासाठी सितोपलादि चूर्ण मधातून दिले होते. त्यांच्याच घरातील सुनेला अम्लपित्तासाठी अविपत्तिकर चूर्ण दिले होते. दोन्ही पुड्या एकाच पिशवीत गेल्या, दोन्हींवर मराठीच लिहिले होते, आणि घरी त्यांची अदलाबदल झाली. अविपत्तिकरातील त्रिवृत्ताने आपले काम चोख केले. अज्जींना दोन दिवस जुलाब झाले आणि त्या गळून गेल्या. सुदैवाने लवकर सावरल्या. मला रागावल्याही नाहीत. ‘डॉक्टर, यावेळी आमच्या अक्षरांत लिहून दिलं नाही तुम्ही,’ एवढेच म्हणाल्या. ते वाक्य मला अधिक लागले.

त्याच संध्याकाळी संकुलाचे संगणक सांभाळणाऱ्या तरुण शिक्षकांना मी बोलावले. त्यांनी पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाले, ‘सर, प्रिंटर जोडलेला आहे, चांगलाही आहे. पण बाहेरून त्याला कुणी हाक मारू शकत नाही.’ माझे निदान चुकले होते. रोग प्रिंटरात नव्हताच.

निदान : हाक कोण मारतो?

तारेच्या यंत्राला बिनतारी जाळ्याशी जोडणाऱ्या उपकरणाला सेतू म्हणावे. त्याच्या एका अंगाला वायफाय पकडणारी यंत्रणा असते, दुसऱ्या अंगाला लॅन केबलची खाच. आपल्या परिभाषेत सांगायचे तर तो योगवाही आहे. मध ज्या द्रव्यासह द्यावा त्याचे कार्य पुढे नेतो. सेतूही आपल्यामागील यंत्राचे बोलणे पुढे नेतो. परंतु कोणते बोलणे कोणत्या दिशेने नेता येईल, याला मर्यादा आहेत.

बिनतारी जाळ्यात एखादे उपकरण ग्राहक म्हणून शिरते तेव्हा छतावरील मुख्य यंत्र, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, त्याचा एकच एमएसी पत्ता ओळखते. हा पत्ता म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यात मिळालेला बारा अंकाक्षरांचा ओळखक्रमांक. सेतूच्या मागे तीन यंत्रे असली तरी बाहेर एकच पत्ता दिसतो. म्हणून बहुतेक लहान राउटर एक युक्ती करतात. ते मागील यंत्रांना स्वतःचे खासगी आयपी पत्ते वाटतात आणि बाहेर सर्वांच्या वतीने स्वतःच बोलतात. आतील यंत्राने बाहेर विचारणा केली तर राउटर तिची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर योग्य यंत्राकडे पोहोचवितो. बाहेरून कुणी आपणहून विचारणा केली तर ती कोणासाठी आहे हे त्याला कळत नाही. तो ती सोडून देतो.

यावरून यंत्रांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग स्वतः हाक मारणाऱ्या यंत्रांचा : देयकाचा संगणक, इंटरनेटवरील सर्व्हरला आपणहून नोंदी पाठविणारे हजेरीचे यंत्र, अद्ययावत माहिती मागविणारे कोणतेही उपकरण. ही यंत्रे सेतूमागे निर्धास्त चालतात. दुसरा वर्ग हाकेची वाट पाहणाऱ्या यंत्रांचा : प्रिंटर, कॅमेऱ्यांची नोंद ठेवणारे यंत्र, सामायिक फायली ठेवणारा संगणक. ही यंत्रे सेतूमागे ठेवली आणि त्यांना हाक मारणारा बाहेर राहिला, तर ती जोडलेली असूनही मुकी राहतात. माझा प्रिंटर सेतूच्या आत होता आणि लॅपटॉप बाहेर. हिरवा दिवा खरा होता, पण त्याचा अर्थ मी चुकीचा लावला होता.

दुसरेही एक कारण होते. संकुलांच्या वायफायमध्ये बहुधा ग्राहकांना परस्परांपासून वेगळे ठेवण्याची व्यवस्था असते. एका विद्यार्थ्याच्या फोनमधील दोष दुसऱ्याच्या संगणकात शिरू नये, हा त्यामागील हेतू. प्रत्येक जण इंटरनेटपर्यंत जाऊ शकतो, शेजाऱ्यापर्यंत मात्र नाही. त्यामुळे वायफायचाच प्रिंटर विकत घेतला असता तरी माझ्या लॅपटॉपवरून त्यावर छपाई झाली नसती. नवे यंत्र घेण्याचा खर्च वाया गेला असता.

संकुलाचे वायफाय घरच्यासारखे नसते

घरच्या वायफायला सर्वांसाठी एकच पासवर्ड असतो. संकुलात तसे नसते. तेथे साधारणपणे दोनपैकी एक पद्धत असते.

पहिल्या पद्धतीत जाळ्याला जोडल्यावर एक पान उघडते. तेथे नाव, क्रमांक किंवा पासवर्ड भरावा लागतो. प्रिंटरला ना कळफलक, ना पान दाखविणारा पडदा. तो हे पान भरणार कसा? येथे सेतूमागे एखादा संगणक असेल तर त्यावरून पान भरावे. बाहेर एकच पत्ता दिसत असल्याने एकदा प्रवेश मिळाला की मागील सर्व यंत्रांना वाट मोकळी होते. मात्र ठरावीक तासांनी हा प्रवेश संपतो आणि पुन्हा पान भरावे लागते.

दुसरी पद्धत अधिक कडक आहे. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र नाव व पासवर्ड असतो आणि जोडणीच्या क्षणीच तपासणी होते. तंत्रज्ञ हिला ८०२.१एक्स या मानकाच्या नावाने ओळखतात. स्वस्त राउटरांपैकी अनेकांना ही तपासणी पार करता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी संकुलाची पद्धत विचारावी आणि दुकानदाराला त्या पद्धतीत सेतू ग्राहक म्हणून चालतो का, हे स्पष्ट विचारावे. ‘वायफाय पकडतो’ हे उत्तर पुरेसे नाही. माझी खरेदी त्याच उत्तरावर झाली होती. ती उपयोगी पडली हे केवळ दैव.

या दोन्ही अडचणींवरचा सरळ मार्ग परवानगीचा आहे. सेतूचा एमएसी पत्ता त्याच्या तळावरील चिठ्ठीवर छापलेला असतो. तो लेखी अर्जासह संकुलाच्या संगणक विभागाला द्यावा आणि हे उपकरण नोंदवून घेण्याची विनंती करावी. नोंदणी झाली की पान भरण्याची किंवा वैयक्तिक पासवर्ड सेतूत साठविण्याची गरज बहुधा उरत नाही. स्वतःचा पासवर्ड उपकरणात घालून ठेवणे दोन कारणांनी टाळावे : तो बदलला की यंत्रे अकस्मात बंद पडतात, आणि सेतू चोरीला गेला तर त्याबरोबर पासवर्डही जातो.

चिकित्सा : पाच पर्याय

१. शक्य असेल तेथे तारच टाकावी. हे वाचून आश्चर्य वाटेल, पण तार हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. सामान्य लॅन केबल १०० मीटरपर्यंत काम करते. जवळच्या खोलीत खाच असेल तर परवानगी घेऊन भिंतीलगत पट्टीतून केबल आणावी. येथे एक इशारा आवश्यक आहे. भिंतीतील खाचेला घरगुती राउटर उलट्या बाजूने जोडू नये. त्याच्या आतील बाजूची खाच संकुलाच्या तारेला जोडली गेली, तर तो साऱ्या इमारतीतील संगणकांना आपले पत्ते वाटू लागतो आणि सर्वांचे काम खोळंबते.

२. संगणकाला वायफायचा छोटा डोंगल. तारेचे यंत्र म्हणजे केवळ जुना संगणक असेल, तर त्याच्या यूएसबी खाचेत बसणारा डोंगल पुरेसा आहे. संगणकाची प्रणाली त्याला ओळखते का आणि तो डब्ल्यूपीए-२ किंवा त्यापुढील सुरक्षा पद्धत पाळतो का, हे पाहावे. फार जुने डोंगल टाळावेत.

३. संगणकालाच सेतू करणे. ज्या संगणकात वायफाय आणि लॅन खाच दोन्ही आहेत, तो स्वतःची जोडणी तारेवरून प्रिंटरला किंवा अन्य यंत्राला देऊ शकतो. विंडोजमध्ये ही सोय अंगभूत आहे. ती चालू केल्यावर तारेच्या बाजूला संगणक बहुधा १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो. नवे काही विकत घ्यावे लागत नाही आणि कडक तपासणीचे वायफायही चालते. तोटा एवढाच की संगणक बंद झाला की मागील यंत्राची जोडणीही तुटते.

४. छोटा राउटर सेतू म्हणून. मी शेवटी हाच पर्याय ठेवला, पण मांडणी बदलली. राउटरच्या मागे एक साधा स्विच, म्हणजे अनेक खाचांची पेटी, लावली. प्रिंटर, देयकाचा जुना संगणक आणि हजेरीचे यंत्र अशी तिन्ही यंत्रे त्या पेटीला तारेने जोडली. आता छपाईची आज्ञा देणारा आणि ती झेलणारा दोघेही सेतूच्या एकाच बाजूला आहेत. छपाई आतल्या आत होते; वायफाय बंद पडले तरी लेबले निघतात. केवळ बाहेर जाणारे काम सेतूवरून जाते. राउटरला सुमारे दीड हजार रुपये आणि स्विचला त्याहून कमी खर्च आला. त्याच दिवशी पहिले लेबल दोन्ही लिप्यांत छापून निघाले.

५. दोन इमारतींमध्ये बिनतारी जोडी. औषधशाळा एका इमारतीत आणि कार्यालय समोरच्या इमारतीत असेल, तर छपरांवर समोरासमोर लावायच्या उपकरणांची जोडी मिळते. उघड्यावरून तांब्याची तार नेण्यापेक्षा ही जोडी किंवा काचतंतूची तार बरी. आपल्या भागात वळवाच्या पावसात विजा कडाडतात. दोन इमारतींतील तांब्याच्या तारेतून आलेल्या विद्युत झटक्याने दोन्ही टोकांची यंत्रे जळू शकतात. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारने २००५ मध्ये ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवानामुक्त केला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतही उघड्यावरील वापराला मोकळीक दिली. त्या मर्यादेतील उपकरणांना वेगळा परवाना लागत नाही. संकुलाची परवानगी मात्र लागतेच.

औषधशाळेतील वजनकाट्यांविषयी पुष्कळजण विचारतात. त्यांच्या मागे नऊ पिनांची जुनी खाच असते. ती लॅनची खाच नव्हे. काटा संगणकाजवळ असेल तर यूएसबीचा परिवर्तक लावून तो सरळ संगणकालाच जोडावा. प्रत्येक यंत्राला जाळ्यावर आणण्याची गरज नसते.

उपद्रव आणि त्यांची लक्षणे

यंत्राला ‘१६९.२५४’ ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, तर त्याने पत्ता मागितला आणि कुणी उत्तर दिले नाही, असे समजावे. भारनियमनानंतर वीज परत येते तेव्हा असे वारंवार घडते. प्रिंटर लगेच जागा होतो, राउटरला उठायला मिनिटभर लागते. प्रिंटर वाट पाहून थकतो आणि स्वतःच एक निरुपयोगी पत्ता घेऊन बसतो. उपाय सोपा आहे : प्रिंटरला एक पत्ता कायमचा ठरवून द्यावा आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा. बरेच छोटे राउटर यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालतात, त्यामुळे हे जड जात नाही.

जोडणी दिसते पण काहीच पुढे जात नाही, असे झाल्यास सेतूच्या आतील आणि संकुलाच्या जाळ्यातील पत्ते एकाच मालिकेतील आहेत काय ते तपासावे. दोन्हीकडे ‘१९२.१६८.१’ ची मालिका असेल तर कोणते यंत्र आत आणि कोणते बाहेर हे राउटरला उमगत नाही. आतील मालिका बदलून, उदाहरणार्थ ‘१९२.१६८.५०’ करून, हा दोष जातो.

जोडणी मधूनच तुटत असेल तर सेतूची जागा पाहावी. लोखंडी कपाटे, स्टीलच्या टाक्या आणि काढ्यांची भरलेली पातेली लहरींना अडवितात. आपल्या औषध कक्षात या तिन्ही गोष्टी विपुल असतात. सेतू कपाटामागे न ठेवता उंचावर, मुख्य यंत्राच्या दिशेने मोकळा ठेवावा. जाड दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झची लहर अधिक आत जाते. परंतु मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच लहरीवर चालतो, म्हणून सेतू त्याच्या शेजारी ठेवू नये.

वारणेचा धडा

जुनी व्यवस्था आणि नवी जोडणी यांचा मेळ घालण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे त्यात होती. गावोगावच्या केंद्रांवर संगणक ठेवले गेले. ऊस उत्पादकाला आपल्या उसाचे वजन, खताचा हिशेब अशी माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. पुढील दशकात मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन केंद्राने तेथील सात गावांत एक चाचणी केली. केंद्रावरील संगणकाचा प्रत्यक्ष उपयोग मोजक्याच कामांसाठी होतो, असे त्यांना दिसले. ती कामे साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने होऊ शकतात, हेही त्यांनी दाखविले. मध्यवर्ती माहिती होती तेथेच राहिली. शेवटचा दुवा तेवढा तारेवाचून झाला.

आपल्यासाठी यातील बोध असा : यंत्र काय काय करू शकते याची यादी करण्यापेक्षा आपल्याकडे ते प्रत्यक्षात कोणते काम करते, हे आधी पाहावे. माझ्या प्रिंटरला इंटरनेटची गरजच नव्हती. त्याला शेजारच्या संगणकाची हाक ऐकू यायला हवी होती, इतकेच. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी स्वतःला विचारला असता, तर ते नऊ दिवस आले नसते.

पथ्यापथ्य

जोडणी झाली की काम संपत नाही. एकट्या खोलीतील जुने यंत्र जाळ्यावर आले की त्याचे दोषही जाळ्यावर येतात. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपलेल्या प्रणालीला नव्या दोषांवर नियमित दुरुस्ती मिळत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रणालीने जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्या दोषावरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. अनेकांनी ती घेतलेली नव्हती. म्हणून प्रणाली जुनी असलेला संगणक केवळ छपाईपुरता ठेवायचा असेल, तर त्याला सेतूतून बाहेर जाऊ देऊ नये. रुग्णनोंदी असलेला संगणक अद्ययावतच हवा.

सेतूचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सेतूने स्वतःचे वेगळे वायफाय प्रसारित करू नये. ती सोय बंद ठेवावी. अन्यथा संकुलाच्या जाळ्यात आपण नकळत एक चोरदरवाजा उघडतो. सेतूच्या प्रणालीची दुरुस्ती वर्षातून दोनदा तरी पाहावी. कॅमेऱ्याचे किंवा नोंदींचे यंत्र घरून दिसावे म्हणून बाहेरची वाट उघडून ठेवण्याचा मोह टाळावा. रुग्णाची माहिती हा आपल्याकडे ठेवलेला विश्वास आहे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि या विश्वासाला कायद्याचीही चौकट मिळाली.

औषधनिर्मिती करणाऱ्या बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. औषधे नियमावलीतील नियम १६१ प्रमाणे आयुर्वेदिक औषधाच्या लेबलावर घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख, परवाना क्रमांक इत्यादी तपशील हवेत, आणि अनुसूची टी प्रमाणे बॅचच्या नोंदी ठेवाव्या लागतात. लेबल छापणारे यंत्र आणि नोंद ठेवणारा संगणक यांच्यातील दुवा तुटला की माणूस हाताने अंक भरू लागतो, आणि चूक तेथेच शिरते. म्हणून हा दुवा तारेचा, सेतूच्या एकाच बाजूला आणि इंटरनेटवाचूनही चालणारा असावा.

समारोप

संहिताकारांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. पुडीवरील लेबल यांपैकी कोणत्याच पादात मोडत नाही. पण वैद्याचा विचार रुग्णाच्या घरी पोहोचवायला मार्ग तोच असतो. तो मार्ग तुटला तेव्हा योग्य औषध चुकीच्या व्यक्तीच्या पोटात गेले.

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच की जुने यंत्र भंगारात काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्र हाक मारते की हाकेची वाट पाहते? त्याला हाक मारणारा सेतूच्या कोणत्या बाजूला आहे? आणि ही जोडणी संकुलाच्या संगणक विभागाला ठाऊक आहे काय? तिन्हींची उत्तरे कागदावर लिहावीत आणि मगच बाजारात जावे.

त्या अज्जी पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. पुडी हातात घेऊन त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, कन्नड ओळीवरून बोट फिरविले आणि औषधाचे नाव मोठ्याने वाचले. मग पुडी कमरेच्या पिशवीत नीट ठेवली आणि सुनेची पुडी वेगळी मागून घेतली.